समदं सुटू दे

टाक्याची गाठ सुटली तरी धागा सरळ होत नाही. गाठीच्या जागी त्याला मुरड पडलेली असते. धागा तुटला असेल तर टोक पिंजलेलं दिसतं, कापला असेल तर टोक स्वच्छ असतं.

दामिनीच्या चिमट्यातल्या धाग्याला मुरड नव्हती. टोकही पिंजलेलं नव्हतं.

तो सरळ होता... पाकिटातून आत्ताच काढल्यासारखा. फक्त रक्तानं भिजलेला.

हे खरंच घडलेलं आहे. दामिनी माझी मावसबहीण. उदगीरच्या लिंगायत दुकानदाराची मुलगी. नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात ती बाळंतपणाच्या शाखेचं शिक्षण घेत होती, दुसरं वर्ष. तिनं हे मला एकदाच सांगितलं. मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. रात्रीची नाही, भरदुपारची.

दामिनी आदल्या दिवसापासून ड्यूटीवर होती. दिवाळीपासून ती शाखा बदलायचं म्हणत होती. सरांशी बोलते, पुढच्या आठवड्यात बोलते... असं करत उन्हाळा आला. थकवा आता झोपेनंही जात नव्हता. पण बाळ बाहेर येऊन पहिल्यांदा रडलं की तिला वाटायचं, राहू दे, अजून थोडे दिवस. तिकडे वडिलांनी, संगप्पांनी, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं, "आमची पोरगी बाळंतपणं करते."

त्या दुपारी कंधारकडची आरती कळा देत होती. पहिलंच बाळंतपण. बाळाचे ठोके ठीक होते, पण गर्भपिशवीचं तोंड पुढे उघडेना. पोरगी रडून रडून गप्प झाली होती.

तिची सासू चतुराबाई दाराशी आली.

"डाक्टरीनबाई, एक इचारू का? रागाला येऊ नका."

"बोला."

"आमच्यात बाई आडली की तिच्या अंगावरच्या गाठी सोडत असतेत. येणी सोडू का तिची? लई येळ झाला हो. लेकरू घुसमटून राहिलं आत."

एरवी दामिनीनं हसून नाही म्हटलं असतं. पण त्या दिवशी तिच्यात नाही म्हणण्याइतकंही त्राण नव्हतं.

"सोडा. पण लवकर."

म्हातारीनं आरतीची वेणी मोकळी केली. पायातला काळा दोरा सोडला. कपड्यांच्या गाठोड्याची गाठ सोडली. मग वळून तिनं दामिनीचे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले आणि डोळे मिटून म्हणाली,

"सुटू दे गं माय. समदं सुटू दे."

प्रसूतिकक्ष कधीच शांत नसतो. कुणीतरी ओरडत असतं, कुठेतरी भांडं वाजत असतं.

त्या क्षणी तो शांत झाला.

आणि दामिनीला अगदी जवळून एक बारीक आवाज आला. घट्ट बसलेली गाठ नखानं उकलताना येतो तसा...

टिक... टिक...

तिच्या तोंडावरचा मास्क बंद सुटून गळून पडला.

पुढच्याच कळेला आरतीच्या पिशवीचं तोंड उघडू लागलं. थोड्याच वेळात मुलगी झाली, सुखरूप. खालून थोडे टाके घालावे लागले, ते दामिनीनं घातले. असे टाके तिनं शेकडो घातले होते. हात आपोआप चालायचा.

"मॅडम, बुटाची नाडी सुटली बगा," कस्तुराबाई म्हणाल्या. त्या तिथल्या जुन्या मावशी. "पडताल, अन् उचलायला आमीच."

दामिनीनं नाडी बांधली. दारापर्यंत गेली.

नाडी सुटलेली.

मागून आरतीची हाक आली, "मॅडम... खालून गरम लागून राहिलंय..."

चादर लाल झाली होती. टाके उघडे होते. चिमट्यात आला तो सरळ धागा. दामिनीनं पुन्हा टाके घातले. प्रत्येक गाठ ओढून पाहिली. क्षणभर मान वळवून तिनं कापूस घेतला...

टिक... टिक...

सगळे टाके पुन्हा उघडे.

तिनं तळहातानं जखम दाबून धरली आणि ओरडून वर्षाराणी मॅडमना बोलावलं. त्या तिच्या सीनियर. त्यांनी एक नजर टाकली.

"दामिनी, ही गाठ आहे की गिफ्टची रिबीन? आता काय पहिल्या वर्षाच्या पोरांनी शिकवायचं का तुला?"

त्यांनी स्वतः टाके घातले. ते टिकले. रक्त थांबलं. आरती वाचली.

चतुराबाई भिंतीला टेकून बसली होती. नात मांडीवर होती, पण तिचं लक्ष दामिनीच्या हातांकडे होतं.

"तिला सुटू दे, असं म्हणायचं असतंय," ती पुटपुटली. "म्या समदं म्हणून बसले... तुमचे हात हातात होते की वो बाई."

दामिनी विज्ञान शिकलेली. तिनं होस्टेलच्या खोलीत पडताळून पाहिलं. खाटेच्या दांडीला बँडेजची पट्टी बांधली आणि बघत बसली. बघत असेपर्यंत गाठ टिकली. डोळा लागला... आणि पट्टी जमिनीवर. मैत्रिणीनं बांधलेली पट्टी सकाळपर्यंत तशीच. म्हणजे फक्त तिनं बांधलेली गाठ सुटत होती.

सुट्टीत ती उदगीरला गेली. आंघोळीनंतर गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा बांधला, आणि जेवायला बसताना लिंगाची चांदीची डबी ताटाशेजारी खणकन पडली. आईच्या, नीलम्मांच्या, हातातलं वाढप तसंच राहिलं.

"लिंग भुईला लागलं गं! एवढी डाक्टरीन झालीस, अन् गाठ मारता येईना व्हय?"

"अव्वा, तू बांध."

आईनं बांधलेली गाठ राहिली. पण त्या रात्री दामिनी जेवली नाही.

नांदेडला परतल्यावर ती टाके टाळू लागली. बोट कापलंय म्हणाली. ओपीडी मागून घेतली, दुसऱ्यांच्या ड्यूट्या केल्या. कुणाला काय सांगणार? खरं बोलली तर वेड्यात काढतील. न सांगता टाका घातला, तर एखादी बाई रक्तात पडेल. राजीनामा द्यायचा, हे तिला कळत होतं. तरी ते शब्द तोंडातून निघत नव्हते.

गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली होती. पायात पट्ट्याच्या चपला, कपडे बटणांचे. अंगावर बांधायचं असं काहीच नव्हतं. ती गेल्यावर पाहिलं तर माझ्या मुलीची वेणी मोकळी होती. पोरीचीच ओढाताण असेल.

वेणी मी घातली होती, घट्ट.

त्याबद्दल मला फार विचार करायचा नाही. तिचा दवाखान्यातला तो शेवटचा दिवस तेवढा सांगते.

विभागप्रमुख अमरनाथ सर त्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. टेबलावर सिझरची बाई. भूल दिलेली, मूल आडवं.

"दामिनी, आज तू कर. मी समोर उभा राहतो."

"सर, बोट..."

"अजून बोट? अगं, नवरीची मेंदी पण एवढी टिकत नाही."

सगळे हसले. तिनं हात धुतले. सरांच्या गाठी सरांच्या, आपण फक्त कापायचं, असा हिशेब तिनं मनाशी केला. कस्तुराबाईंनी मागून तिच्या गाऊनचे बंद बांधले.

"घट बांधलं बगा, मॅडम. आता जा बिनघोर."

ती टेबलापाशी उभी राहिली. सरांनी सुरी पुढे केली.

थिएटर शांत झालं. मशीनचा बीप चालू असावा. तिला तो ऐकू येईना.

टिक... टिक...

पाठीशी. अगदी मानेखाली.

गाऊन खांद्यांवरून सैल होऊन घसरला. तिनं वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. कस्तुराबाई दाराजवळ, पाठमोऱ्या, ट्रे लावत होत्या.

ही गाठ दामिनीनं बांधलेली नव्हती.

समोर सर उभे होते. थोड्या वेळानं ते या बाईच्या पोटात गाठी मारणार होते. आणि ती तिथेच असणार होती.

"काय झालं?" सर म्हणाले. "घे ना."

दामिनी दोन पावलं मागे सरली. आवाज तिला स्वतःचाच वाटला नाही.

"सर, वर्षाराणी मॅडमना बोलवा. मी बाहेर जाते. मी राजीनामा देतेय."