निळ्या नावाचं लाल बटण

मीटिंगच्या खोलीचं दार दोघांनी एकदमच ओढलं – तिने आतून, त्याने बाहेरून. दार जागचं हललं नाही. काचेपलीकडचा अनोळखी चेहरा हसला.

"तुम्ही सोडता की मी?"

"आत मी आहे. तुम्हीच सोडा!"

तो नवा प्रोग्रामर. वेबसाइट बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत त्याला पहिलंच काम मिळालं ते डोळ्यांच्या दवाखान्याच्या साइटचं. पानांवरचे रंग, अक्षरं, अंतरं ठरवणारी सीएसएसची फाइल नीट लावायची होती. ती उघडून तो पोट धरून हसला.

"बघा तरी! नाव ‘निळं बटण’, आणि बटण लालभडक! एक रंग बदलला तर तीन पानं कोलमडली. प्रत्येक नियमाला ‘हाच महत्त्वाचा’ असा शेरा... मग ऐकायचं कुणाचं? कुणाचा हा पराक्रम?"

पराक्रम तिचाच होता. नवखी असताना घाईघाईत ठिगळावर ठिगळ लावलेलं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"आधी एक ताई होत्या..." ती बोलून गेली.

ताई! बाळंतपणासाठी नोकरी सोडलेल्या, तिला हाताला धरून शिकवणाऱ्या ताई.

पुढचे दोन आठवडे तो तिच्या शेजारी बसून फाइल सोडवत होता. "नाव रंगावरून नाही, कामावरून द्यायचं. सगळे रंग एकाच जागी लिहायचे. उद्या कुणी नवीन आलं तरी चाचपडायला नको." समजावताना त्याचं बोट पडद्यावर तिच्या बोटाजवळ थांबायचं... जरा जास्तच वेळ. तिला ते हवंसं वाटायचं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची.

एका दुपारी तो म्हणाला, "त्या ताईंचा अर्ज आलाय. परत यायचंय त्यांना. साहेबांनी माझं मत विचारलंय. ही फाइल पाहिल्यावर – नकोच म्हणणार मी."

तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"फाइल माझी आहे. ताई तर दोनदा रागावल्या होत्या, नीट लिही म्हणून."

तो हसला नाही. "इतके दिवस मी त्यांना नावं ठेवत होतो, आणि तुम्ही ऐकत होतात?"

"हो."

"का?"

"तुम्ही इतके हसलात... मला तुमच्यासमोर चांगलं दिसायचं होतं."

तो उठून गेला. ती मान खाली घालून साहेबांच्या खोलीत गेली, सगळं सांगून आली. मग ताईंना फोन केला. त्यांनाही सगळं सांगितलं.

"राग आलाय मला," ताई म्हणाल्या. "येऊ दे मला तिथे, मग बघते तुझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो समोर येऊन उभा राहिला.

"ताई सोमवारपासून येतायत."

"तुम्ही... अजून रागावलाय?"

"थोडासा." तो घुटमळला. "पण मीही काही फार सरळ नाही. ते काम चार दिवसांचं होतं. मी दोन आठवडे पुरवलं."

"कशाला?"

"संपलं असतं तर तुझ्याशी बोलायला निमित्त काय उरलं असतं?"

*तुझ्याशी.* तिला मान वर करवेना.

"तशा..." ती कशीबशी म्हणाली, "माझ्या अजून दोन फाइली आहेत. याहून भयंकर."