वरच्या मजल्यावरची

अमेरिकेतल्या अर्विंग शहराच्या हायवेलगत, एका जुन्या मोटेलमागे नर्स स्वानंदी आणि तिचा सहकारी नकुल दर गुरुवारी एचआयव्ही तपासणीची व्हॅन उभी करत. त्या दुपारी आभाळ खाली उतरलं होतं. काचेवर पडता पडता पाऊस गोठत होता.

"स्वानंदी, निघू या यार. रोडवर आइस धरायला लागलंय," नकुल पुढून म्हणाला.

तेवढ्यात दार सरकलं. एक किडकिडीत बाई आत आली. अंगाला डिझेलचा, ओल्या मातीचा वास. नाव सांगितलं एस्नार. मूळची झांबियातल्या लुसाका शहरातली. धंदा तिथंही हाच, शरीरविक्रीचा.

स्वानंदीने तिचं बोट टोचलं. रक्त आलं नाही. पुन्हा टोचलं... नाहीच. थंडीने होतं असं, असं मनाला समजावत ती ते बोट चोळत राहिली. पण त्याला काही केल्या ऊब येईना.

"माझं राहू दे," एस्नार हळूच म्हणाली. "वर मोटेलच्या दोनशे चार नंबरच्या खोलीत माझ्या गावची पोरगी आहे. तिला बघ."

"वरच्या बायका खाली येतच नाहीत हो."

"कशा येतील? लुसाकातही हॉटेलातल्या बायका आम्हा ट्रकथांब्यावरच्यांना जवळ करत नसत. रोग म्हणे आम्हालाच, त्यांची गिऱ्हाईकं सूटबूटवाली... काल तसलाच एक तिच्याकडे आला. काँडम नको म्हणाला, ती बरं म्हणाली." ती थांबली. "तो माझ्याकडेही यायचा."

एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू व्हायला हव्यात. त्यांची बाटली उचलून स्वानंदी जिन्याकडे धावली.

दार विशीतल्या पोरीने उघडलं. आधी ती काही कबूलच करेना, मग एकदम रडू लागली. पहिली गोळी तिने स्वानंदीसमोर गिळली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एस्नारने."

पोरीचा चेहरा उतरला. "तिला मी या जिन्यावरून कितीदा हाकललं... ती मागच्या हिवाळ्यात वारली."

बाथरूमच्या बंद दारामागे नळ सुटला.

"आत कोण आहे?"

"कालपासून असंच चाललंय," पोरगी कुजबुजली. "मी बंद करते... पुन्हा सुटतो. कुणीतरी अंग घासत असतं..."

स्वानंदीने दाराला कान लावला. पाण्याच्या आवाजाखाली दोन बायका दबक्या आवाजात बोलत होत्या. एक एस्नार होती.

दुसरा आवाज त्या पोरीचा होता. आणि पोरगी तर स्वानंदीच्या शेजारी उभी होती, ओठ घट्ट मिटून.