गिरणीजवळचं क्रॉसिंग

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. गाडी मी चालवत होतो, एवढं मात्र खरं.

२०१४ सालचा ऑक्टोबर. पेनसिल्व्हेनियातले आमचे डोंगर. सकाळचे पावणेआठ.

धुकं असं, की बॉनेटही पुसट दिसत होतं.

शेजारी माझा मेहुणा, डेल. आम्हा दोघांना एकच वेड, जुनी डिझेल इंजिनं. आमच्याकडच्या तीस मैलांच्या छोट्या लाइनवर ४३१ नंबरचं, १९५६ सालचं इंजिन अजून धान्याचे डबे ओढायचं. आम्ही गाडीने त्याच्या पुढे पळायचो, फोटो काढायचो, की पुन्हा पुढे.

त्या दिवशी नदीवरचा पूल गाठायचा होता.

"रोलंड, दाब की जरा. आई याहून जोरात चालवते."

"सासूबाई दोनदा खड्ड्यात गेल्यात, डेल."

गिरणीजवळचं क्रॉसिंग आलं. फाटक नाही, दिवा नाही. काच खाली करून मी कानोसा घेतला.

काहीच नाही.

मी गाडी पुढे काढली...

आणि भोंगा वाजला.

दोन लांब, एक आखूड, एक लांब. शेवटचा सूर रडल्यासारखा खाली उतरत गेला. अगदी कानाशी.

मी करकचून ब्रेक दाबला.

"आता काय झालं?"

"भोंगा."

"कसला भोंगा? चल, पूल हातचा जाईल."

तेवढ्यात धुक्यातून ४३१ बाहेर आलं... बॉनेटपासून हातभर अंतरावरून गेलं.

डेलने हातातला मोबाइल तसाच रुळांकडे धरून ठेवला होता.

पुढे जाऊन आगगाडी थांबली. ड्रायव्हर हार्लन चालत आला. चेहरा पांढराफटक.

"तुम्ही थांबलात कसे? माझा हॉर्न मघाशीच बंद पडलाय. घंटा वाजवत येत होतो, पण या धुक्यात..."

मी त्याला तो सूर गुणगुणून दाखवला.

हार्लन रुळावरच बसला.

"हा ऑर्विलचा भोंगा. चाळीस वर्षं तो हेच इंजिन चालवायचा. गेल्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याच्या बायकोने मागितला म्हणून आम्ही भोंगा इंजिनावरून काढून दिला आणि हा नवा हॉर्न बसवला. तो भोंगा शवपेटीत त्याच्या पायाशी ठेवलाय."

डेलच्या मोबाइलवर सगळं चित्रित झालं होतं. त्यात ब्रेकचा आवाज आहे. डेलच्या शिव्या आहेत.

भोंगा नाही.

चार वर्षांनी लाइन बंद झाली. रूळही उपटून नेले.

गेल्या वर्षी आम्ही दोघं तिथून जात होतो. लख्ख ऊन. रुळांच्या जागी नुसतं गवत. मी सरळ पुढे निघालो...

डेलने माझं मनगट धरलं.

"थांब," तो हळूच म्हणाला. "येतंय."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. तरी मी गाडी बंद केली. मागे दुधाचा टँकर येऊन हॉर्न वाजवायला लागला. शेवटी तो आम्हाला वळसा घालून पुढे गेला. त्याला काहीही झालं नाही.

"गेलं का?" बऱ्याच वेळाने मी विचारलं.

डेलने मान हलवली.

"अजून नाही."

मी गाडी मागे वळवली. तो रस्ता आम्ही सोडलाय.