नाथाजींच्या गिटारची किंमत

ही गोष्ट मी रचलेली नाही. जिच्याबाबत घडली, ती संयोगिता माझ्या सख्ख्या आतेबहिणीची जाऊ. कुणीही विचारलं तरी ती आजही हेच सांगेल.

गेल्या दिवाळीनंतरचा सोमवार. दुपारचे तीन. कुपवाड एमआयडीसीत लालासाहेबांचं अँप्लिफायर दुरुस्तीचं शेड.

रात्र नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं...

संयोगिताचे वडील नाथाजी फौजेत होते. कोलकात्याला पोस्टिंग असताना तिथल्या एका हॉटेलातल्या वादकाकडून त्यांनी जुनी अमेरिकन इलेक्ट्रिक गिटार घेतली. पेन्शनीवर आल्यावर सांगलीच्या ऑर्केस्ट्रात वाजवली. मग घरच्याच गुऱ्हाळात, बैलांनी फिरवायच्या उसाच्या चरकात डाव्या हाताची दोन बोटं गेली. गिटार माळ्यावर गेली, ती कायमचीच.

नाथाजी वारले आणि गिटारची पेटी लेकीच्या, संयोगिताच्या वाट्याला आली. तिने पुण्याच्या एका जाणकाराला फोटो पाठवले.

"अस्सल असेल तर आठ-नऊ लाख," तो म्हणाला. "पण विकायच्या आधी खोलून बघा. आतला शिक्का, तारांचा आवाज पकडणारे मूळ पिकअप... सगळ्याचे फोटो लागतील."

म्हणून ती कऱ्हाडजवळच्या गावाहून कुपवाडला आली. लालासाहेब तिच्या वडिलांसोबत ऑर्केस्ट्रात होते.

आणि न बोलावता थोरले चुलते, नानासोही गाडीत येऊन बसले.

"निम्मं माझं," वाटेत ते म्हणाले. "माझ्या घरात खाऊन वाजीवली त्यानं."

बापाच्या मयताला हा माणूस दहा मिनिटं थांबला नव्हता. संयोगिताने दात आवळले.

शेडमध्ये लालासाहेबांनी तारा काढल्या. दांडा वेगळा केला. आतला शिक्का भिंगाखाली धरला.

"अस्सल हाय, पोरी. काय बी बदललेलं न्हाई."

नानासो पुढे सरकले. "म्हंजी नऊ लाख धरायचं का?"

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला...

आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून एक सूर आला.

लांब. ताणलेला.

गिटार टेबलावर दोन तुकड्यांत पडली होती. तारा बाजूला गुंडाळून ठेवलेल्या.

स्पीकरची वायर कशालाच जोडलेली नव्हती.

लालासाहेबांच्या हातातलं भिंग खाली पडलं. "नाथाजी असाच सुरू करायचा..." ते पुटपुटले.

सूर पुन्हा आला. जास्त जोरात. कुणीतरी रागाने तार ओढावी तसा.

मग एकदम थांबला.

त्यामागून आला तो गिटारचा आवाज नव्हता.

कर्रर्र... कर्रर्र...

लाकडी चरकाची घरघर. आणि तिच्यात एका तरुण माणसाचा आवाज.

"नाना, हात सोड... नाना, सोड माझा हात..."

संयोगिताने तो आवाज लगेच ओळखला. तिच्या अण्णांचा, नाथाजींचा.

नानासो भिंतीला टेकले. "मी नुसतं भ्या घालत हुतो," ते म्हणाले. "वाजवणं सोड म्हणून. बैल पुढं गेलं गं... माझा काय इलाज न्हवता."

अडतीस वर्षं घरात सगळे म्हणत होते, नाथाजीचा पाय घसरला. नाथाजींनीही तेच सांगितलं होतं. लेकीलासुद्धा.

लालासाहेब म्हणाले, "चल भायेर, पोरी."

ती हलली नाही. तिच्या कानशिलांत रक्त ठणकत होतं. ती स्पीकरकडे बघून हळूच बोलली.

"थांबू नका, अण्णा."

चरक पुन्हा सुरू झाला.

नानासो डावा हात पोटाशी धरून खाली बसले. लाइट आली तेव्हा शेडमध्ये फक्त पंख्याचा आवाज होता.

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं काळीनिळी पडली होती. ओरखडासुद्धा नव्हता. सांगलीच्या डॉक्टरांना कारण सापडलं नाही. आठवड्याने बोटं काढावी लागली.

पुण्याच्या माणसाने नऊ लाख वीस हजार पक्के केले. संयोगिताने नाही म्हणून कळवलं. गिटार तशीच, दोन तुकड्यांत, लालासाहेबांच्या कपाटात आहे.

नानासोंना बघायला ती एकदाही गेली नाही. "माफ न्हाई करणार," ती म्हणते.

पण परवा तिचं नवऱ्याशी वाजलं. तो उलट बोलला. तिला राग आला, आणि ती शब्द अर्धा टाकून उठली, अंगणात जाऊन कितीतरी वेळ उभी राहिली.

"मी 'थांबू नका' म्हटलं आणि ते थांबलं न्हाई," ती मला म्हणाली. "तिथं अण्णाच हुते, का माझा राग ऐकणारं दुसरं कोण हुतं... मला अजून कळलेलं न्हाई."