सतरा नंबरच्या खांबावरची खरखर

जहीर मेकॅनिक त्या दुपारी दुकानाच्या फळ्या लावून आत आला, तो जेवायला नव्हे. जबलपूरच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांशी त्याला चार गोष्टी बोलायच्या होत्या. हा त्याचा रोजचा नेम होता. दिग्रसच्या बस स्टँडमागे त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत पलटणीच्या लिलावातून आणलेला जुना सेट. त्यावर ऐकताही येई आणि बोलताही येई. हौशी माणसाने हवेतून बोलायला हरकत नाही असा दिल्लीहून आलेला कागद त्याने काचेत मढवून भिंतीवर टांगला होता. बाराच्या ठोक्याला तो कानावर हेडफोन चढवी आणि तासभर जबलपूर, हैदराबाद, कधी नशिबात असेल तर थेट कोलंबोशी बोले. कमरुन्निसा ताट वाढून त्यावर दुसरं ताट झाकून ठेवी. नवऱ्याला उपाशी ठेवणाऱ्या त्या पेटीला तिने सवत हे नाव ठेवलं होतं.

एकसष्ट सालचा वैशाख होता. त्या दुपारी पोस्टमास्तरांचा आवाज कानात आला, आणि दोन वाक्यांनंतर त्यावर काहीतरी चढून बसलं.

टक्. टक्. मग लोखंडावरून लोखंड फरफटत न्यावं तशी लांब खरखर.

थोडी उसंत. पुन्हा तेच.

एक वाजता ते आपोआप थांबलं. दुसऱ्या दिवशी बारा वाजता पुन्हा सुरू झालं, तिसऱ्या दिवशीही. दुसरा कोणी असता तर वैतागला असता, पण जहीरला चेव आला. सापडत नाही असा बिघाड म्हणजे त्याच्यासाठी मेजवानीच. आधी त्याने स्वतःच्याच सेटवर संशय घेतला. व्हॉल्व्ह एकेक काढून बदलले, जुना कंडेन्सर उपटून नवा डाग देऊन बसवला, घरातली वीज बंद करून मोटारीच्या बॅटरीवर सेट चालवला. खरखर हलली नाही. मग त्याने एरियलची तार काढली, आणि खोली एकदम शांत झाली. तार लावली की आवाज, काढली की शांत. म्हणजे दुखणं सेटच्या पोटात नव्हतं, ते बाहेरून येत होतं.

बाहेर तरी काय होतं? जिनिंगचा हंगाम संपून मोटारी झाकून ठेवलेल्या. पिठाची गिरणी दुपारी बंद. पुसदची गाडी साडेबाराला सुटायची, पण तिच्या इंजिनाची फरफर वेगळी, ती गाडीबरोबर निघून जाते. ही जात नव्हती. आणि यंत्राला दम लागत नाही. ही खरखर मात्र मध्ये दम खायची, जणू कोणी हाक मारून उत्तराची वाट पाहतंय.

पाचव्या दिवशी त्याने बांबूच्या कामट्यांची चौकट बांधून तिच्यावर तार गुंडाळली आणि ती बॅटरीवरच्या लहान सेटला जोडली. या चौकटीची गंमत अशी की तिचं तोंड आवाजाच्या दिशेला वळलं की आवाज मरतो. गच्चीवर उभं राहून त्याने ती फिरवली, आवाज मेला ती दिशा तालुक्याच्या नकाशावर पेन्सिलीने ओढली. दुसऱ्या दिवशी पुसद रस्त्याच्या मोरीवरून तेच केलं. दोन्ही रेघा दिग्रसपासून चार मैलांवर, सावरटेक नावाच्या गावाबाहेरच्या विहिरीजवळ एकमेकींना भेटल्या. पेन्सिल हातात धरून तो बराच वेळ त्या फुलीकडे बघत राहिला. शिकाऱ्याला माग सापडला होता.

श्रावण वीजखात्यात लाइनमन होता. उमरीतली बौद्ध वस्ती सोडून तो नोकरीसाठी दिग्रसला आला तेव्हापासूनचा जहीरचा दोस्त. नकाशा पाहून तो हसला. म्हणाला, तिथे खांब आहेत खरे, पण लाइन कोरी आहे, तिच्यात अजून वीज सोडलेलीच नाही. गेल्या आठवड्यात वरून कागद आला. उद्या गुरुवारी चार वाजता यवतमाळचे इंजिनियर साहेब येणार, नारळ फुटणार आणि सावरटेकला पहिल्यांदा दिवा लागणार. कोरी तार कशी खरखरेल?

"तेच तर पाहाचं आहे," जहीर म्हणाला. "तू चाल फक्त."

गुरुवारी अकराला दोघं सायकलींवर निघाले. जहीरच्या कॅरिअरला सेट बांधलेला, पाठीला चौकट. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कापसाची रानं उघडी पडून भाजत होती, पळसाची पानं जागच्या जागी करपली होती, आणि तापलेल्या मातीला भट्टीतल्या विटेचा वास येत होता. टेकाड उतरताना बारा वाजले असावेत, कारण गळ्यातल्या हेडफोनमधून आवाज आपोआप बाहेर ऐकू यायला लागला.

टक्. टक्. खर्रर्र.

दर खांबाला तो वाढत गेला. चौदा, पंधरा, सोळा. सतराव्या खांबाशी विहीर होती. रुळाचा उंच लोखंडी खांब, त्याला ताण दिलेली तिरपी तार, आणि त्या तारेवर कोणीतरी वाळत घातलेलं हिरवं लुगडं. इथे हेडफोन कानाला लावणं अशक्य झालं. जहीरने आवाजाचं बटन पार खाली आणलं, तरी ठोके कानशिलावर बसत होते.

श्रावणने आधी खांबाला कान लावला. खांब मुका. मग लांब काठीला बांधलेल्या टेस्टरने तार चाचपली. तार मेलेली. वाराही पडलेला होता. दोघांनी हेडफोनचा एकेक कान वाटून घेतला.

टक्. टक्. खर्रर्र.

जहीर हरखून गेला होता, डोळ्यांनी खांबाचा इंच न् इंच धुंडाळत होता. श्रावणचा घाम पुसणारा हात थांबलाय, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"काय झालं बे?"

 श्रावण इतक्या हळू बोलला, की खांबाने ऐकू नये असंच त्याला वाटत असावं.

"पान्याचे ठोके आहेत, जहीरभाई. वरचा माणूस खालच्याले इशारा देते... दोन ठोके म्हणजे दोर ओढू नका. अन् पाना असा घासत नेला, म्हणजे... खालून बाजूले व्हा."

मग त्याने जे तुकड्यातुकड्याने सांगितलं ते असं. चैत्रात या लाइनवर ठेकेदाराची टोळी तार ओढत होती. बाबूसिंग मुकादम, तांड्यावरचे आठ गडी, आणि वर चढलेला रूपसिंग. खात्यातर्फे देखरेखीला श्रावण खाली उभा. याच खांबावर भर बाराला रूपसिंगने दोन ठोके दिले. ते ऐकून गड्यांना थांबवायचं काम श्रावणचं होतं. तो बिडी पेटवत होता. त्याने मान वर केली तोवर गड्यांनी दोर ओढला होता. तारेला हिसका बसला आणि रूपसिंग खाली आला. यवतमाळला नेता नेता वाटेतच गेला. राहिलेलं काम दुसऱ्याने घाईघाईत उरकलं.

"मी कोणालेच नाही सांगितलं," श्रावण म्हणाला. "ठोके मले ऐकू आलते."

 हेडफोनमधली खरखर थांबत नव्हती, आणि आता तिच्यात घाई होती. उसंत उरली नव्हती. श्रावणने कंबरपट्टा बांधला आणि खांबाला हात घातला.

तो चढत गेला तसे ठोके जवळजवळ येत गेले. टक्टक् खर्र. टक्टक् खर्र. जहीर एक कान सेटकडे आणि दोन्ही डोळे वर लावून उभा होता, पण वर नुसतं ऊन होतं, नजर ठरत नव्हती. श्रावणचा हात खांबाच्या टोकाला पोचला, आणि हेडफोन मुका झाला. कोणाचं तरी बोलणं ऐकून घेण्यासाठी माणूस गप्प व्हावा, तसा.

बऱ्याच वेळाने वरून श्रावणचा आवाज आला. तार ज्यावर बसते तो चिनी मातीचा कप मागच्या अंगाने फुटला होता. खालून दिसायचं कारणच नव्हतं. तार सरकून खांबाच्या लोखंडावर टेकली होती. आज वीज सोडली की हा सगळा खांब जिवंत होणार, ताणाची तारही. आणि तिच्यावर लुगडं वाळत होतं.

श्रावण खाली उतरला. त्याने हिशेब केला, चारला अजून पुष्कळ अवकाश आहे. तेवढ्यात विहिरीवर पाच-सहा बायका आल्या. पुढे होती ती इंदूबाई, ते लुगडं तिचंच. लुगड्याकडे जायला निघालेल्या तिला श्रावणने हात आडवा केला. ती म्हणाली, तुमी इथी काय करून राह्यले? साहेबाची जीप तर कवाचीच नाक्याकडे गेली. त्याले यवतमाळले लवकर जाचं आहे म्हणे, दोन वाजताच लाइन सुरू करून राह्यले.

जहीरने घड्याळ पाहिलं. पावणेदोनला दोन मिनिटं कमी होती.

नाका म्हणजे नवी लाइन जुनीला जोडली होती ती जागा, दोन मैल मागे. श्रावण बायकांना अडवायला तिथेच थांबला आणि जहीरने सायकलीवर टांग मारली. सेट, चौकट, सगळं तिथेच धुळीत टाकून. तो चढ त्याने कसा चढला ते त्याला पुढे कधी नीट आठवलं नाही. आठवायचा तो फक्त घशातला लोखंडाचा वास, आणि दूरवरून वाजणारा ताशा. ताशा थांबला की संपलं, एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

तो पोचला आणि ताशा थांबला.

झेंडूच्या माळा, पन्नासेक माणसं, नारळ हातात घेतलेला बाबूसिंग मुकादम, आणि साहेबांचा हात स्विचच्या दांड्यावर. जहीर गर्दी फाडत पुढे गेला. आपण खात्याचे नाही, हा रेडिओवाला, याला काय कळतं असं म्हणतील, आणि कसं कळलं विचारलं तर काय सांगायचं? विचार करायला वेळच नव्हता. तोंडातून निघालं ते खोटं होतं.

"साहेब, श्रावण वर चढलेला आहे. सतरा नंबरवर."

साहेबांचा हात चटका बसल्यासारखा दांड्यावरून उडाला. सतरा हा आकडा ऐकून बाबूसिंगने हातातला नारळ न फोडताच हळूच खाली ठेवला आणि डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

पुढचं लवकर उरकलं. साहेब जीपने सतराव्या खांबाशी आले. श्रावण खाली उभा दिसला तेव्हा त्यांनी जहीरकडे रागाने पाहिलं. मग टोळीतला गडी वर चढला, त्याने फुटका कप काढून आणून त्यांच्या हातावर ठेवला. साहेबांनी तो उलटासुलटा केला, ताणाच्या तारेकडे पाहिलं, विहिरीवरच्या बायकांकडे पाहिलं, आणि रुमालाने मान पुसत राहिले. हे कोणाच्या ध्यानात आलं असं त्यांनी विचारलंच नाही. यवतमाळला जायची घाईही पुन्हा कोणी काढली नाही.

नवा कप बसला. प्रत्येक खांब पुन्हा तपासला गेला. साडेपाचला दांडा वर गेला आणि सावरटेकच्या चावडीवर पिवळा दिवा पेटला. गाव ओरडलं, ताशा पुन्हा वाजला. सगळी माणसं तिकडे धावली. जहीर आणि श्रावण मात्र खांबाशीच राहिले. जहीरने धूळ झटकून सेट सुरू केला. कोलंबोच्या बाजूचा कोणीतरी हौशी आपल्या तब्येतीविषयी सांगत होता, आणि त्याचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. मागे काहीच नव्हतं. दिवसभराच्या धावपळीत पहिल्यांदाच जहीर मोकळेपणी हसला आणि श्रावणच्या पाठीवर थाप मारली.

इंदूबाई वस्तीकडून आली. एका हातात कळशी, दुसऱ्या हाताच्या बोटांत अडकवलेले पितळी पेले. तुमच्यामुळे लेकरंबाळं वाचली, निदान पाणी तरी प्या, म्हणाली. एक पेला जहीरला दिला, एक श्रावणला. तिसरा भरून तिने इकडेतिकडे पाहिलं.

"तिसरा कुठी गेला?"

"तिसरा कोण?" जहीरने विचारलं.

"दुपारी वर होता तो." ती सरळ, सहज बोलत होती. "आमी टेकाडावरून येत होतो तवा दिसला ना. हा भाऊ अर्ध्यातच अडकला होता. वरच्यानं वाकून त्याचा हात धरला अन् ओढून घेतलं वर."

जहीर हसणार होता. त्याने श्रावणकडे पाहिलं आणि हसू तिथेच राहिलं.

श्रावणने पेला सावकाश खाली ठेवला. चढताना कोपरापर्यंत दुमडलेली उजवी बाही त्याने सोडली, पार मनगटाखाली ओढली आणि बटन लावलं.

त्यानंतर वीस वर्षं तो नोकरीत होता. वैशाखाच्या उन्हातही ती बाही त्याने कधी वर केली नाही. आणि तिच्याखाली काय आहे, हे विचारायचं धाडस जहीरला कधी झालं नाही.