मावशीची पिसं

पिंजऱ्यांच्या रांगेत बोलायचं नाही, हा ताईंचा पहिला नियम. जखमी रानपक्ष्याला माणसाच्या आवाजाची सवय लागली, की तो बाहेर जगायला निकामी झालाच म्हणून समजा. पाहुणे म्हणायचे, "इथे पक्षी ओरडतात आणि माणसंच पिंजऱ्यात असल्यासारखी गप्प." ताई हसून सोडून द्यायच्या. केंद्र चालवणाऱ्या बाईला टोमण्यांकडे लक्ष द्यायला फुरसत कुठली!

गप्पा मारायची मुभा फक्त मावशीशी होती. मावशी म्हणजे केंद्रातली म्हातारी घार. तिचा डावा पंख अर्धा कापावा लागला होता, त्यामुळे ती कधीच उडणार नव्हती. पण आईविना आलेलं घारीचं एकूण एक पिल्लू तिनं वाढवलं. मांसाचा बारीक तुकडा तोडायची, मान तिरकी करायची आणि अलगद चोचीत द्यायची. पिल्लं मोठी होऊन भुर्रकन जायची. ही आपली खालच्या फांदीवर.

ती गेली तेव्हा ताई ढसाढसा रडल्या. "केंद्राचं निम्मं काम तिनं केलं रे, आणि तिच्या नशिबी जन्मभर जाळीच. आता पुन्हा कुणाला असं ठेवायचं माझ्याच्यानं होणार नाही."

"बघू," भाऊ म्हणाला. हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, केंद्राचा डॉक्टर.

आणि आठवडाभरात भट्टीवाला आला.

हा घारीचा तरुण नर कुठल्याशा भट्टीच्या झळेत सापडला होता. उजव्या पंखाची मोठी पिसं पार जळालेली. नाव अर्थात नानांनी ठेवलं. नाना म्हणजे पक्ष्यांचा खानसामा. मांस कापायचं आणि येईल त्याला नाव ठेवायचं, दोन्ही खाती त्यांच्याकडे.

अशा वेळी पिसांचं कलम करतात. जळक्या पिसाचा दांडा कापायचा, त्यात बांबूची काडी बसवायची आणि तिच्यावर मेलेल्या पक्ष्याचं धड पीस डकवायचं. पक्ष्याला दुखत नाही. पुढे नवी पिसं आली की उसनी गळून पडतात. घारीची पिसं त्या वेळी केंद्रात एकाच पक्ष्याची होती.

"मावशीची घे," ताई म्हणाल्या. "तिला आवडलं असतं."

कलम झकास बसलं. पण भट्टीवाला उडेना. मावशीच्या पिंजऱ्यात सोडल्यासोडल्या तो खालच्या फांदीवर जाऊन बसला. खाली उतरला तर उड्या मारत चालायचा, डावा पंख लोंबता टाकून. डावा! तो तर मुळात धडधाकट होता. भावानं पुन्हा एक्स-रे काढला. हाड शाबूत, सांधा शाबूत.

"नाटकी आहे लेकाचा," भाऊ म्हणाला, पण हसला नाही.

थंडी सरायच्या आत हा गेला नाही, तर माणसाळून जन्माचा कैदी होणार, हे ताईंना कळत होतं.

शेजारच्या कप्प्यात, जाळीपलीकडे, तोडलेल्या झाडावरून आणलेली घारीची तीन पिल्लं होती. एका सकाळी नानांनी ताईंना बाहीला धरून तिथे नेलं. भट्टीवाल्यानं मांसाचा तुकडा तोडला, मान तिरकी केली आणि जाळीतून अलगद पिल्लाच्या चोचीत दिला.

"नर हो हा," नाना कुजबुजले. "याला कुणी शिकवलं?"

ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्याच्यामागोमाग डोळेही भरून आले.

दुपारी त्या एकट्याच पिंजऱ्यात गेल्या. नियम धाब्यावर बसवून बोलल्या.

"मावशे, तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत गं. खूप केलंस. पण याचं आयुष्य अजून सगळं पुढे आहे, याला अडकवू नकोस. जाऊ दे त्याला. आणि तूही जा याच्याबरोबर. सुटलीस."

घारीनं मान तिरकी करून ऐकलं. मग लोंबता डावा पंख सावकाश वर घेतला, अंग झाडलं आणि एका झेपेत सगळ्यात वरच्या दांड्यावर जाऊन बसली.

संध्याकाळी छत उघडलं. भट्टीवाला उठला तो थेट वर. मावशीच्या पिसांना आभाळातलं ऊन पहिल्यांदाच लागलं. नाना टाळ्या पिटत होते, भाऊ डोळे पुसत होता, आणि ताई हात जोडून उभ्या होत्या. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

छत बंद केलं. रिकाम्या पिंजऱ्याला कुलूप घातलं.

सकाळी नाना मांसाचं भांडं तसंच घेऊन परत आले. "ताई, पिल्लं खात नाहीत."

"आजारी आहेत?"

"तसं नाही. तुम्हीच बघा."

तिन्ही पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी टम्म भरलेली होती.

"कुणी भरवलं?"

भावानं नकारार्थी मान हलवली. नानांनीही.

ताईंनी चिमट्यात तुकडा धरून पुढे केला. पिल्लांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ती जाळीला चिकटून बसली होती, पलीकडच्या खालच्या फांदीकडे तोंड करून.

"जा म्हटलं होतं ना गं," ताई म्हणाल्या.

फांदीवर कुणी नव्हतं.

सगळ्यात धाकट्यानं चोच उघडली. मग मिटली, आणि त्याचा गळा हलला.