बंद यंत्राचा श्वास

"मयेकर! खंडेनवमी आहे म्हणून समुद्रतळावरचं यंत्रसुद्धा बंद केलंत?" डॉ. मैथिली केंकरे ओरडल्याच.

संशोधन-जहाजाचे वीज-अभियंते दिगंबर मयेकर ओशाळले. "एक दिवस अवजारांना विश्रांती नको का, मॅडम? बाकीच्यांना हळदकुंकू वाहिलं. तळनिरीक्षक पडला तीन हजार मीटर खाली, त्याला फूल कसं वाहणार? म्हणून ध्वनिसंदेश पाठवून त्याची बॅटरी तेवढी तोडली."

"मग हे आकडे कोण पाठवतंय?"

पडद्यावर तळाचं तापमान सुखेनैव उमटत होतं. तळनिरीक्षकाच्या धातूच्या सळया काळ्या धुराड्यात रुतवल्या होत्या. तळाच्या भेगेतून उकळतं, गंधकी पाणी ओकणारं दगडी नळकांडं ते! मयेकरांची बोबडीच वळली. "भुताटकी की काय?"

"भूत कसलं, जिवाणू!" मैथिली खुर्चीतून उठल्याच. "आपण अन्न पचवतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन श्वासातल्या ऑक्सिजनला देऊन टाकतो. धुराड्यात ऑक्सिजन आहे कुठे? तिथले जिवाणू ते धातूला देतात, धातू बाहेरच्या समुद्रातल्या ऑक्सिजनला. वाहते ती वीज, तिच्यावरच यंत्र चाललंय! मयेकर, आपलं यंत्र त्यांचं नाक झालंय!"

आनंदाने त्यांना हसू आवरेना. आणि एकदम त्या मटकन खाली बसल्या. तळाचा दाब आणि ऊब जशीच्या तशी राखणारी दाबकुपी त्यांनीच घडवली होती, तरी धुराड्यातल्या जिवाणूंचा प्रत्येक नमुना वर येईपर्यंत मेलेला. आज शेवटची खेप. जिवंत नमुना मिळाला नाही, तर प्रकल्प गुंडाळायचा हुकूम होता.

"कुपीला आतून काचेचा लेप मीच दिला. धातू लागूच दिला नाही. नाक दाबून वर आणत होते मी त्यांना!"

"झालं ते झालं, मॅडम. कुपीत तापमापकाची सळई आहे ना? तिच्यावरचा लेप खरवडून तार आणि प्रवाहमापक जोडतो, तारेचं दुसरं टोक समुद्रात लोंबतं सोडतो."

दुपारी कुपी नमुना घेऊन तळावरून वर निघाली. पडद्यावर वीजप्रवाहाचा आकडा ठाम होता. जिवंत! खलाशांनी एकच गलका केला. क्रेनने कुपी पाण्याबाहेर उचलली मात्र, आकडा घसरू लागला.

"अहो, तारेचं टोक पाण्याबाहेर आलं!" मयेकर किंचाळले.

मैथिली धावल्या. कठड्यावरून वाकून त्यांनी झुलती तार पकडली. पण ती पाण्यापर्यंत काही पोचेना. त्यांनी दुसऱ्या हाताने समुद्रात लोंबणारी ओली साखळी घट्ट धरली.

"मॅडम, सोडा! वीज आहे त्यात!"

"मुंगीसुद्धा मरायची नाही एवढीशी. आकडा सांगा!"

मयेकरांनी वळून पडद्याकडे पाहिलं. "चढतोय, मॅडम. चढतोय!"

मैथिलींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"मग लांब तार आणा, पळा! तोवर घेऊ देत त्यांना माझ्यातून श्वास."